एकच कोड, संस्थेतला डेस्कटॉप आणि हातातलं यंत्र: कुठलं टूल घ्यावं?

पंचगंगाकाठ | सोमवार, रात्री ९.४०

राम राम मंडळी. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा. अर्धवट लिहिलं की पहिले वीस प्रतिसाद 'आधी गरज सांगा' यातच जातात.

माझं दूध संकलनाचं सॉफ्टवेअर आहे. व्हीबी ६ (मायक्रोसॉफ्टची जुनी प्रोग्रामिंग भाषा) आणि ॲक्सेस (डेटाबेस). २००४ साली एका संस्थेसाठी लिहिलं, मग शेजारच्या गावानं मागितलं, असं करत शिरोळ-हातकणंगले भागात आज तीसएक संस्थांत चालतंय. काम साधं आहे. उत्पादक दूध घेऊन येतो, काट्यावरून वजन, मशीनवरून फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दरपत्रकातून दर, पावती, दहा दिवसांनी बिल. पहाटे साडेपाच ते साडेसात आणि संध्याकाळी तेवढंच. त्या दोन तासांत सॉफ्टवेअर अडलं तर सचिवांचा फोन मला येत नाही, माझ्या वडिलांना येतो. मग वडील मला उठवतात. ती भाषा इथं लिहिण्यासारखी नसते.

आता मळ्यांतल्या उपकेंद्रांना कॉम्प्युटर नकोय. त्यांना एसटीच्या कंडक्टरकडं असतं तसं हातातलं यंत्र पाहिजे, अँड्रॉइडवालं, पोटात प्रिंटर असलेलं. दोन संस्थांनी उबुंटू (लिनक्स) टाकून घेतलंय. एका चेअरमनच्या पोराकडं आयफोन आहे, त्याला त्यावर 'सगळं' बघायचंय. आणि बाकीच्या संस्थांत विंडोज ७, त्यातली निम्मी मशीन ३२ बिट, २ जीबी रॅम. नवीन मशीन घ्या म्हणालो तर पुढच्या वार्षिक सभेत विषय ठेवू म्हणतात.

माणसं दोन: मी आणि भाचा. मला व्हीबी येतं, त्याला जावास्क्रिप्ट. एकदाच लिहून सगळीकडं चालेल असं काही आहे का? यादी केली आहे: फ्लटर, क्यूटी, इलेक्ट्रॉन, डॉटनेट माउई, कोट्लिन मल्टिप्लॅटफॉर्म, लाझारस. यूट्यूबवर प्रत्येकाचा व्हिडिओ बघितला की तेच बरोबर वाटतं.


नवशिक्या_२१ | सोमवार, रात्री ९.४६

फ्लटर. विषय संपला.


बाकरवडी_कंपायलर | सोमवार, रात्री ९.५८

रुमाल टाकून ठेवतो. उद्या सविस्तर लिहीन.


धुक्यातली_वाट | सोमवार, रात्री ११.१५

नवशिक्या, विषय एवढ्यात संपत नाही हो. मी नाशिकला द्राक्षांच्या पॅकहाउससाठी फ्लटरवरच काम करते, त्यामुळे मला ते आवडतं हे आधीच कबूल. तरी दादांनी दिलेल्या माहितीत एक ओळ आहे, ती वाचली का? विंडोज ७, ३२ बिट.

फ्लटर १.० डिसेंबर २०१८ मध्ये आलं ते मोबाइलसाठी. विंडोजचा आधार पक्का झाला २०२२ च्या फेब्रुवारीत, मॅक आणि लिनक्सचा त्याच वर्षी मे महिन्यात. विंडोजवर ते ६४ बिटच मागतं, आणि आता विंडोज १० च्या खाली चालत नाही. म्हणजे दादांच्या विंडोज ७ वाल्या सगळ्या संस्था पहिल्याच पायरीवर गळाल्या.

हातातल्या यंत्रासाठी, म्हणजे हँडहेल्डसाठी, मात्र डोळे झाकून घ्या. फ्लटर बटणापासून अक्षरापर्यंत सगळं स्वतः रंगवतं, त्यामुळे स्वस्तातल्या यंत्रावर आणि चांगल्या फोनवर पडदा सारखाच दिसतो. त्या पोटातल्या प्रिंटरचं काय, तर तो बनवणाऱ्या कंपनीच्या जावा लायब्ररीतूनच बोलतो. तेवढ्यापुरतं कोट्लिनमध्ये पन्नास-साठ ओळींचा पूल बांधावा लागतो. भाच्याला जमेल.

आता काटा. प्रत्येक टूलच्या पहिल्या पानावर विंडोज, मॅक, अँड्रॉइड अशी चित्रं ओळीनं लावलेली असतात. वजनकाट्याचं चित्र कुणी लावत नाही. डेस्कटॉपवर सीरियल पोर्ट (काट्याची केबल जिथे लागते तो) वाचायला पॅकेज आहे, ते अँड्रॉइडवर साधारणपणे कामाला येत नाही. तिथे यूएसबीचं वेगळं पॅकेज, वेगळी परवानगी, आणि केबलमध्ये कुठली चिप आहे त्यावर पुढचं सगळं.

माझाच पराक्रम सांगते. काटा दर क्षणाला एक ओळ पाठवत राहतो, समजा १२.५० आणि शेवटी ओळ संपल्याची खूण. संगणकावर ती ओळ अखंड येत होती म्हणून मी आलेला तुकडा थेट आकडा म्हणून वाचला. हँडहेल्डवर तीच ओळ कधी '१२' आणि '.५०' अशी दोन तुकड्यांत आली. पहिल्या दिवशी एका क्रेटचं वजन अर्धा किलो लागलं. काटा बरोबर होता, केबल बरोबर होती, मी ओळ संपायची वाट बघत नव्हते. तुमच्या जुन्या व्हीबीत हे कुठेतरी सांभाळलेलं असणार. ते शोधून ठेवा.


पंचगंगाकाठ | मंगळवार, सकाळी ८.०५

ताई, आत्ताच बघितलं. २००६ सालची माझी कॉमेंट आहे: 'हा टायमर काढू नये.' का काढू नये ते लिहिलेलं नाही. आता कळलं.


जुनं_खोड | मंगळवार, सकाळी १०.३०

निवृत्त आहे, वेळ भरपूर आहे, त्यामुळे थोडा इतिहास सहन करा.

हातातल्या यंत्रांसाठी मी १९९८ पासून लिहीत आलो. पाम झालं. विंडोज सीई झालं. सिम्बियन झालं. जावाची मोबाइल आवृत्तीही झाली, जिचं ब्रीद होतं एकदा लिहा, कुठेही चालवा. प्रत्यक्षात एकदा लिहायचं आणि प्रत्येक हँडसेटवर दुरुस्त करत फिरायचं. विंडोज सीईसाठी डॉटनेटची छोटी आवृत्ती होती. काय सुंदर वाटायची! डेस्कटॉप आणि हँडहेल्ड एकाच सी शार्पमध्ये. व्हिज्युअल स्टुडिओ २००८ नंतर ती सोय काढून टाकली. पुढे कित्येक वर्षं मी फक्त त्या एका कामासाठी एक जुना संगणक जपून ठेवला होता, वर प्लास्टिकचं कव्हर घालून. थोडक्यात, मी चार प्लॅटफॉर्मच्या तेराव्याला जेवलोय.

म्हणून मी टूल कुठं-कुठं चालतं ते शेवटी बघतो. आधी बघतो की बनवणाऱ्यानं उद्या अंग काढून घेतलं तर माझ्या हातात काय उरतं. झामरिनचंच बघा, सी शार्पमध्ये मोबाइल ॲप लिहायचं टूल. २०११ ला कंपनी निघाली, २०१६ ला मायक्रोसॉफ्टनं घेतली, १ मे २०२४ ला आधार बंद. पुढची वाट माउई. ती वाट चांगली असेलही, पण डेस्कटॉप लिनक्स तिच्या अधिकृत यादीत नाही. तुमच्या दोन उबुंटूवाल्या संस्थांना काय सांगणार?

तुम्हाला व्हीबी येतं ना? लाझारस उघडून बघा, भाषा पास्कल. फॉर्म, त्यावर बटण, बटणावर दोनदा क्लिक, की कोड लिहायला जागा. तासाभरात घरी आल्यासारखं वाटेल. १९९९ पासून चालू आहे, १.० आवृत्ती यायला २०१२ उजाडलं, एवढ्या निवांतपणे. आधीचा एक प्रकल्प बंद पडला होता, त्यातून उठला म्हणून बायबलमधल्या लाझारसचं नाव. विंडोज ७ वर ३२ बिटमध्ये चालतो, लिनक्सवरही चालतो. एकच एक्झी फाइल, सोबत काही लागत नाही. २ जीबी रॅमला तो जाणवणारसुद्धा नाही. सगळा सोर्स खुला.

अँड्रॉइडसाठी मात्र त्याच्या वाटेला जाऊ नका. जमवणारे जमवतात, पण तुमच्या वडिलांना पहाटे फोन येतील.


बाकरवडी_कंपायलर | मंगळवार, दुपारी १.२०

रुमाल उचलतो.

पास्कल? २०२६ च्या तोंडावर? काका, आदर राखून विचारतो, भाच्यानं हे शिकून उद्या मुलाखतीत काय सांगायचं? त्याला जावास्क्रिप्ट येतंय तर इलेक्ट्रॉन घ्या. २०१३ पासून आहे, व्हीएस कोड त्यावरच चालतो, म्हणजे तुम्ही-आम्ही सगळे रोज वापरतोच.


जुनं_खोड | मंगळवार, दुपारी १.४१

मुलाखत भाच्याची आहे, सॉफ्टवेअर दूध संस्थेचं आहे. दोन्ही एकाच पंगतीत जेवायला बसवू नका.


धुक्यातली_वाट | मंगळवार, दुपारी २.०५

इलेक्ट्रॉनमध्ये प्रत्येक ॲपबरोबर अख्खा क्रोमियम जातो. २ जीबीच्या मशीनवर अँटिव्हायरस, टॅली आणि त्याच्या जोडीला आणखी एक ब्राउझर? आणि विंडोज ७ चा आधार इलेक्ट्रॉननं २०२३ मध्ये २३ व्या आवृत्तीपासून सोडला. जुनी आवृत्ती धरून बसता येईल, पण मग नवीन काय घेतलं?


बाकरवडी_कंपायलर | मंगळवार, दुपारी २.३०

मग टॉरी. तो स्वतःचा ब्राउझर आणत नाही, सिस्टीममधलाच वापरतो. २.० ऑक्टोबर २०२४ मध्ये आलं, त्यात अँड्रॉइड आणि आयफोनही आहेत. फाइल पिटुकली होते.


ओस्लोतला_सातारकर | मंगळवार, सायंकाळी ६.५०

टॉरीची गंमत अशी की विंडोजवर एक इंजिन, मॅकवर दुसरं, लिनक्सवर तिसरं. शेजाऱ्याच्या गोठ्यातली म्हैस पिळायची, तर ती किती देईल ते शेजारी ठरवणार. विंडोज ७ साठीचं वेबव्ह्यू इंजिन १०९ आवृत्तीवर थांबलंय. शिवाय सीरियल पोर्टसाठी बहुधा रस्ट ही भाषा शिकावी लागेल. भाच्याचं वय काय?

मी इथं राहतो म्हणून नाही, पण क्यूटीबद्दल दोन शब्द. ट्रोलटेक ही ओस्लोची कंपनी, क्यूटीची पहिली जाहीर आवृत्ती १९९५ ची. २००८ ला नोकियानं घेतली, २०१२ ला डिजियानं, आता स्वतंत्र कंपनी आहे. एवढे मालक बदलूनही टिकली याचं एक कारण करारात आहे. केडीई (लिनक्सचा खुला डेस्कटॉप बनवणाऱ्या) मंडळींबरोबर १९९८ पासून एक फाउंडेशन आहे. मालकानं खुली आवृत्ती काढणं थांबवलं तर ती सैल परवान्याखाली जाहीर करायचा हक्क त्या फाउंडेशनला आहे. जुनं_खोड काकांनी विचारलेल्या प्रश्नाचं इतकं स्पष्ट उत्तर कागदावर असलेलं दुसरं टूल मला माहीत नाही.

अडचणीही सांगतो. क्यूटी ६ ला विंडोज १० लागतं, विंडोज ७ साठी ५.१५ वर राहावं लागेल. सी प्लस प्लस आलं. आणि एलजीपीएल परवाना: लायब्ररी वेगळी ठेवून जोडली तर पैसे न देता विकता येतं, पण अटी वाचून घ्या. 'फुकट आहे' एवढंच ऐकून पुढे गेलेले लोक मी बघितलेत. वकिलाची पहिली भेटसुद्धा फुकट नसते.

माझ्या कामात, म्हणजे बोटीवरच्या पडद्यांसाठी, क्यूटीला तोड नाही. दोन माणसांच्या दुकानाला मी ते सुचवणार नाही.


मडगांवकार | मंगळवार, रात्री १०.१०

देव बरें करूं. टूलचं भांडण चालू द्या, मी प्रिंटरबद्दल बोलतो. पावती मराठीत हवी आहे ना?

थर्मल प्रिंटरला इंग्रजी अक्षरं पाठवली की तो स्वतःच्या फॉन्टमध्ये छापतो. देवनागरी त्याला साधारणपणे येत नाही. एखाद्यात कोरलेली असली तरी जोडाक्षरं मोडतात. उपाय एकच, अख्खी ओळ चित्र म्हणून पाठवायची. आता हिशेब बघा. ५८ मिलिमीटरच्या कागदावर छापायची रुंदी ४८ मिलिमीटर, दर मिलिमीटरला ८ ठिपके, म्हणजे ३८४ ठिपके. ८ ठिपक्यांचा एक बाइट, म्हणजे आडव्या रेघेला ४८ बाइट. मराठीची ओळ वर वेलांटी आणि खाली उकार धरून ३० ठिपके उंच ठेवली तर १४४० बाइट. पावतीच्या १२ ओळी धरा: १७,२८० बाइट.

तुमच्या संस्थेतला जुना सीरियल प्रिंटर ९६०० वर, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट, लावलेला असणार. पुढच्या-मागच्या खुणा धरून एका बाइटला १० बिट जातात. तो सेकंदाला ९६० बाइट घेतो. एक पावती १८ सेकंद! रांगेत साठ माणसं असतील तर नुसत्या पावत्यांना अठरा मिनिटं. हाच वेग १,१५,२०० केला तर दीड सेकंद. त्यासाठी बहुतेक प्रिंटरच्या खाली बारीक स्विच असतात, स्क्रू काढून बघा.

माझ्याकडं मासळीच्या लिलावाची पावती होती. पहिल्या दिवशी लोक प्रिंटरकडं बघत उभे राहिले, जसे गणपतीच्या आरतीला राहतात.

ब्लूटूथ प्रिंटर घेतलात तर आणखी एक. अँड्रॉइड १२ पासून 'जवळची उपकरणं' ही परवानगी चालू ॲपमध्ये मागावी लागते. ती कोणी नाकारली की प्रिंटर सापडत नाही, आणि दोष तुमच्या नावावर.


पंचगंगाकाठ | मंगळवार, रात्री १०.४८

आत्तापर्यंत पावती इंग्रजी लिपीतच देत होतो, त्यामुळं हे कधी डोक्यातच आलं नाही. उद्या स्क्रू ड्रायव्हर घेऊन जातो.

आयफोनवाल्याचं कुणी बोललं नाही अजून.


धुक्यातली_वाट | मंगळवार, रात्री ११.०२

त्याला वेबपेज द्या. आयफोनसाठी बिल्ड करायला मॅक लागतो, वर ॲपलचे वर्षाला ९९ डॉलर. प्ले स्टोअरचे २५ डॉलर एकदाच. आणि साध्या जुन्या पद्धतीचं सीरियल ब्लूटूथ आयफोन ॲपला वापरू देत नाही, ते उपकरण ॲपलच्या कार्यक्रमात नोंदलेलं असावं लागतं. काटा आणि प्रिंटर त्याच्यावर चालवायचेच नाहीयेत, त्याला फक्त बघायचंय. एका माणसाच्या बघण्यासाठी अख्ख्या कामाचं टूल ठरवू नका.


पंचगंगाकाठ | मंगळवार, रात्री ११.०९

माणूस एक आहे, पण चेअरमनचा आहे. असो. वेबपेज.


कोट्लिन_कट्टा | बुधवार, सकाळी ९.२०

उशिरा आलो. कोट्लिन मल्टिप्लॅटफॉर्म नोव्हेंबर २०२३ पासून स्थिर आहे. त्याचा विचार मला इथं पटतो: पडदे हवे तर वेगळे ठेवा, हिशेबाचा भाग एकच लिहा. डेस्कटॉपवर ते जावाच्या इंजिनावर चालतं, सीरियल पोर्टसाठी जावाच्या जुन्या मुरलेल्या लायब्ररी आहेत. दादा, तुमचा खरा माल पडद्यात नाही, दरपत्रकात आहे. तो एका जागी ठेवा.


पंचगंगाकाठ | रविवार, सायंकाळी ५.३०

चार दिवस गायब होतो. काय काय केलं ते लिहितो.

कोट्लिन_कट्टा यांचं 'खरा माल दरपत्रकात' हे वाक्य डोक्यात राहिलं. म्हणून टूल निवडायच्या आधी नुसता हिशेब बाहेर काढला. दर शोधणं, फॅट-एसएनएफ कमी भरलं तर कपात, वाढीव फॅटला वाढ, पावतीची रक्कम. गायीच्या दुधाला ३.५ आणि ८.५ धरून दर, म्हशीच्या दुधाला ६ आणि ९. एवढ्या वर्षांत पसरलेला तो कोड गोळा केला तर निघाल्या जेमतेम तीनशे ओळी. मी समजत होतो तीन हजार.

भाच्यानं त्या तीनशे ओळी फ्लटरच्या डार्टमध्ये लिहिल्या. मी लाझारसमध्ये लिहिल्या. मग एका संस्थेच्या गेल्या वर्षीच्या दीड लाखाच्या आसपास पावत्या घेतल्या आणि दोन्हीतून काढल्या. (अवांतर: ॲक्सेसची जुनी एमडीबी फाइल ६४ बिट प्रोग्रामला जुन्या जेट ड्रायव्हरनं उघडतच नाही, तो ड्रायव्हर फक्त ३२ बिट आहे. त्यात एक संध्याकाळ गेली. सगळं एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये ओतून घेतलं.)

लाझारसचं सगळं जुळलं. भाच्याच्या सात हजारांवर पावत्या जुळल्या नाहीत. प्रत्येकीत फरक एकच पैसा, आणि दर वेळी भाच्याचा पैसा जास्त.

रात्री दोनपर्यंत बसलो. एक पावती समोर ठेवतो. साडेतीन लिटर, दर ३४ रुपये ७५ पैसे. रक्कम १२१.६२५. आता हा शेवटचा अर्धा पैसा वर ढकलायचा की खाली? शाळेत शिकवलं वर, १२१.६३. व्हीबीचं राउंड तसं करत नाही. बरोबर मध्यावर आलं की ते सम अंकाकडं जातं, म्हणून १२१.६२. लाझारसचं राउंडही तसंच, त्यामुळं माझं जुळलं. डार्टचं राउंड शाळेसारखं.

इथवर ठीक होतं. मग लक्षात आलं की व्हीबीत पावती छापताना मी राउंड वापरलेलं नाही, फॉरमॅट वापरलंय, आणि फॉरमॅट शाळेसारखं वर ढकलतं. म्हणजे इतकी वर्षं माझ्या सॉफ्टवेअरनं उत्पादकाच्या हातात १२१.६३ ची पावती दिली आणि वहीत १२१.६२ लिहिले! दहा दिवसांचं बिल शेवटी पूर्ण रुपयात करतो, म्हणून कुणाला कळलं नाही. चूक सर्वस्वी माझी.

एका संस्थेचे वर्षाचे सत्तर रुपये होतात. काल सचिवांना सांगितलं. ते म्हणाले, सत्तर रुपयांसाठी मीटिंग लावली तर चहाचेच दीडशे होतील.


जुनं_खोड | रविवार, सायंकाळी ६.१५

वा! वीस वर्षं जुना पैसा सापडला. तीनशे ओळींना दीड लाख पावत्यांची परीक्षा, हे फार आवडलं.


कोट्लिन_कट्टा | रविवार, सायंकाळी ६.४०

आमच्याकडं तर एकाच भाषेत दोन्ही आहेत. कोट्लिनचं साधं राउंड सम अंकाकडं जातं आणि राउंडटूइंट वर ढकलतं. पैसे दशांशात ठेवूच नका. पैशात पूर्णांक, दुधाचं मापही पूर्णांक, आणि मध्यावर काय करायचं ते स्वतः लिहा. कुठल्याही भाषेवर सोपवू नका.


पंचगंगाकाठ | रविवार, सायंकाळी ७.१०

तेच केलं. ३.५ लिटर म्हणजे ३५० (लिटरचे शंभरावे भाग), दर ३४७५ पैसे. गुणाकार १२,१६,२५०. त्यात ५० मिळवून १०० नं भागायचं, बाकी टाकून द्यायची. १२,१६३ पैसे. आता दोन्हीकडं सारखं येतं, आणि पावतीवरचा आकडा हाच वहीतला आकडा.

निर्णय असा. संस्थेतल्या डेस्कटॉपला लाझारस, विंडोज आणि उबुंटू दोन्हींसाठी. हातातल्या यंत्राला फ्लटर. चेअरमनच्या पोराला वेबपेज. डेटाबेसची मांडणी सगळीकडं एकच. हिशेबाच्या तीनशे ओळी दोनदा लिहायच्या, आणि कुठंही काही बदललं की दीड लाख पावत्या दोन्हीतून काढायच्या. एकच कोड पाहिजे म्हणून धागा काढला होता, आणि दोन घेऊन निघालोय.


बाकरवडी_कंपायलर | रविवार, रात्री ८.०२

दोनदा लिहायचं? हे मला पटत नाही. उद्या शासनानं अनुदानाचा नवा नियम काढला की दोन्हीकडं बदल. पास्कलमध्येच लायब्ररी करून अँड्रॉइडला जोडा ना, फ्री पास्कल अँड्रॉइडसाठी कंपाइल करून देतो.


पंचगंगाकाठ | रविवार, रात्री ८.२५

केलं असतं. पण मग ती जोडणी सांभाळणारा तिसरा माणूस लागेल. नियम बदलला तर तीस ओळी दोनदा लिहीन, माझी एक दुपार जाईल. पहाटे साडेपाचला ती जोडणी तुटली तर कुणाला विचारू? तुम्ही उठाल का?


बाकरवडी_कंपायलर | रविवार, रात्री ८.३१

नाही. 😀


टेस्टर_माई | सोमवार, दुपारी १२.१०

मी सॉफ्टवेअर तपासण्याचंच काम करते, म्हणून विचारते. उत्पादकाचं गाव शोधायची सोय आहे का? असेल तर 'कऱ्हाड' टाकून बघा. संगणकाच्या कीबोर्डवरून आणि फोनच्या कीबोर्डवरून, दोन्हींनी.

हा अर्धा र दोन प्रकारे टंकला जातो. कुठे साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह, कुठे खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. पडद्यावर दोन्ही कऱ्हाड हुबेहूब सारखे. शोधताना मात्र दोन वेगळी गावं. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण लावूनही दोन्ही एक होत नाहीत. नोंद साठवतानाच एका प्रकारात बदलून घ्या. गोऱ्हे, कुऱ्हाडे, बिऱ्हाडे, सगळ्या आडनावांना हे लागू. ॲ तर आणखी वेगळं प्रकरण, काही जण अजून ऍ टंकतात.


पंचगंगाकाठ | सोमवार, दुपारी १.००

माई, कऱ्हाडचा जावई आहे मी. दोन कऱ्हाड निघाली.


मडगांवकार | तीन आठवड्यांनी, गुरुवार, रात्री ९.३०

काय झालं पुढं? स्क्रू काढला काय?


पंचगंगाकाठ | शुक्रवार, रात्री ८.५०

काढला. आत चार स्विच होते, दोन वर ढकलले, पावती दोन सेकंदांच्या आत येते. तुम्हाला मळ्यातली ढबू मिरची पाठवतो, पत्ता कळवा.

एका मळ्यातल्या उपकेंद्रावर हातातलं यंत्र आठ दिवस चालवलं. जुनी वही जोडीला ठेवली होती. एकही पावती चुकली नाही. दोनदा केबल निसटली, एकदा यंत्राची बॅटरी संपली, एकदा रेडकानं वायर ओढली. त्यावर कुठल्याच टूलमध्ये सोय नाही.

तक्रार एकच आली. आमच्याकडं एक निवृत्त प्राथमिक शिक्षक दूध घालतात. त्यांनी पावती डोळ्यांजवळ धरली आणि म्हणाले, हा 'ल' कुणी काढलाय? आणि हा 'श'? हे हिंदीचे आहेत. मला आधी दिसलंच नाही. मग जुनी वही शेजारी ठेवली. खरंच, आपला ल दोन पाकळ्यांचा, पावतीवरचा दांडीवाला.


टेस्टर_माई | शुक्रवार, रात्री ९.१५

फॉन्ट बदलायची गरज नसेल बहुधा. चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये मराठी ल आणि श आतच असतात, फक्त मजकुराची भाषा मराठी आहे हे सांगावं लागतं. तुम्ही ओळीचं चित्र काढता तिथं भाषा दिलेलीच नसणार. फ्लटरमध्ये अक्षरशैलीत लोकेल (भाषेचा संकेत) 'एमआर' द्या.


पंचगंगाकाठ | शनिवार, सकाळी ७.४०

दिलं. एका शब्दाचा बदल. आज पहाटे मास्तरांना पावती दिली, त्यांनी चष्मा वर करून बघितली, ल बघितला, श बघितला, मान डोलावली.


जुनं_खोड | शनिवार, सकाळी ८.२०

मास्तरांना तपासनीस म्हणून पगारावर घ्या.


पंचगंगाकाठ | शनिवार, सकाळी ८.३३

विचारलं. म्हणाले, पगार नको, फॅट जरा बरी लागू दे.